एक हनुवटी हवी आहे

११ जून

दादा,

प्रिय वगैरे नंतर बघू. सध्या नुसतं दादा.

तू फोन उचलत नाहीस हे भांडून हॉस्टेलवर परतले त्या पहिल्याच आठवड्यात कळलं. मेसेजवर निळ्या खुणा उमटतात आणि पुढे सगळं सामसूम. परवा तर तू मला चक्क ब्लॉक केलंस. म्हणून हा कागद. कागद ब्लॉक करता येत नाही. फाडता येतो, पण तू फाडणार नाहीस. दुकानातल्या मोडक्या चष्म्यांच्या काड्याही तू कधी फेकल्या नाहीस.

तू वहिनीला म्हणालास म्हणे, "आजारी आईला राबवलं आणि ही साहेबीण हात मागे बांधून मजा बघत होती." मजा सोडून बाकी सगळं खरं आहे. पण अरे, तेच माझं काम आहे! दोन वर्षं ऑक्युपेशनल थेरपीचं, म्हणजे रुग्णाला रोजची कामं परत करायला शिकवण्याचं, पदव्युत्तर शिक्षण घेतेय ते त्याचसाठी. रुग्ण धडपडत असला की आपले हात पाठीमागे बांधायचे, ही आमची पहिली शिकवण. हात पुढे असले की ते आपल्याला न विचारता मदतीला धावतात. मावशी अजून विचारते, "या कोर्सनंतर तुला इंजेक्शन तरी देता येईल ना?" नाही देता येणार. मला फक्त उभं राहता येईल, आणि तेच सगळ्यात कठीण आहे.

आता चहाचं ऐक. पक्षाघाताचा झटका आला तेव्हा आईचा उजवा हात पार लुळा पडला होता. घरी आली तेव्हा बोटं थोडी हलायला लागली होती. हलणारी बोटं वापरली नाहीत तर मेंदू त्या हाताचा नाद सोडून देतो. म्हणून मी तिला म्हटलं, आई, चहा तू कर. तिने केला. पातेलं कलंडलं, चहा ओट्यावरून खाली आला, आणि आईने काय करावं? फडकं उचललं आणि पुसायला लागली. उजव्या हाताने, दादा! मी आनंदाने उडी मारायच्या बेतात होते, तेवढ्यात तू दुकानातून आलास. जमिनीवर चहा, आई घामाघूम, आणि मी हात मागे बांधून दात काढत उभी. दृश्य फारसं चांगलं नव्हतं हे मान्य.

तू ओरडलास, "यापुढे माझ्या आईला हात लावायचा नाही!" अरे, मी हात लावला नव्हता, तोच तर तुझा राग होता ना?

तू तिला भरवतोस. तिचे केस विंचरतोस, गाऊनची बटणं लावतोस, पाण्याचा पेला ओठाला लावतोस. तू इतकं करतोस की तिच्या उजव्या हाताला करायला काही उरतच नाही. आई बोलणार नाही. आजारी पडल्यापासून ती गप्पच असते, आणि तुझं मन तर ती कधीच मोडणार नाही. म्हणून मी बोलते. हे सुरुवातीचे महिने गेले की तो हात परत येईलच असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. मला भीती वाटते रे.

रोज एक घास. एकच तिला तिच्या हाताने घेऊ दे. सांडला तर सांडला.

तुझी (हो, अजूनही)
धाकटी


३ जुलै

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पण वहिनीने बातमी दिली की पत्र आल्या आल्या तू ते खिशात घालून आंघोळीला गेलास आणि बराच वेळ आतून पाण्याचा आवाजच आला नाही. छान. म्हणजे वाचलंस.

मी आता रुग्णालयात काम करते. आमचा विभाग तळमजल्यावर आहे. भला मोठा हॉल. एका कोपऱ्यात स्वयंपाकघर, त्याच्या नळाला पाणी नाही. मधोमध एक जिना, तो चार पायऱ्या चढतो आणि कुठेच जात नाही. भिंतीवर एका फळीवर कड्या, कुलपं, बटणं, नळाच्या तोट्या, सगळं रुग्णांच्या सरावासाठी. नवीन माणसाला वाटतं घर बांधायला घेतलं आणि मालक पळून गेला.

आमच्या मॅडमना सगळे चिमटा मॅडम म्हणतात. अंगठा आणि बोट जुळवून वस्तू पकडणं, यात त्यांचं आयुष्य गेलं. एप्रनच्या दोन्ही खिशांत कपडे वाळत घालायचे चिमटे भरलेले. कोणीही भेटलं की एक चिमटा पुढे करतात, "दाब." लिफ्टमध्ये एकदा मोठ्या डॉक्टरांना दाबायला लावला. त्यांनी दाबलाही.

माझ्या वाट्याला आलेत एक सलूनवाले काका. आईसारखाच झटका, आईसारखाच उजवा हात. सोबत काकू असतात. काका शिंकले तर नाक काकू पुसतात. त्यांना बघितलं की मला कोणाची आठवण येते ते सांगत नाही.

आमच्यात पहिल्या भेटीत विचारतात, तुम्हाला परत काय करायचं आहे? जे सांगतील त्यावर सगळे उपचार बेतायचे. काका म्हणाले, "दाढी." मी खूश झाले. सोपं काम! जोरात तयारीला लागले. आरसा आणला, रेझरच्या दांड्याला स्पंज गुंडाळून जाड केला म्हणजे कमजोर मुठीत बसेल, आरशासमोर खुर्ची मांडली. सगळा आठवडा काका निमूटपणे स्वतःच्या गालावरून रेझर फिरवत होते. चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा. शेवटी मी विचारलं, काका, आवडत नाहीये का?

"पोरी," काका म्हणाले, "माझी दाढी राहिली तरी कोणाचं काही अडत नाही. गिऱ्हाइकाची करायचीय."

सगळा आठवडा पाण्यात! काकू पदराआड, म्हणजे रुमालाआड, फिसकन हसल्या. मॅडम तर उघड हसल्या. "दाढी म्हणाले आणि तू कोणाची ते विचारलंच नाहीस?" नव्हतं विचारलं. दाढी म्हणजे आपापली, असा माझा समज.

आता गिऱ्हाईक कुठून आणायचं? म्हणून काकांना फुगा दिलाय. सलूनच्या धंद्यात नवशिके फुग्यावरच शिकतात म्हणे. फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि न फोडता काढायचा. काका फुग्याकडे बघून म्हणाले, "या वयात परत पहिलीत बसवलंत." पण बसले.

आईला घास दिलास का रे? तिच्या हातात, म्हणतेय मी.

धाकटी


२१ जुलै

दादा

अक्षराला हसू नको. डाव्या हाताने लिहितेय. उजवा झोळीत बांधलाय. चिमटा मॅडमचा हुकूम. सगळ्यांनी एक दिवस असंच जगायचं.

दात घासले. पेस्ट आरशाला. केस बांधता आले नाहीत. झिपरी बसलेय. जीन्सचं बटण लागेना म्हणून रूममेट लावायला आली. मी तिच्यावर खेकसले. तिने काही वाईट केलं नव्हतं. नुसतं बटण लावलं. पण मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. नंतर लागलं. माझं मलाच. मग मी त्या बटणाचा फोटो काढला.

आईलाही असा राग येत असेल का? तुझ्यावर?

हात दुखला. थांबते.


८ ऑगस्ट

दादा,

उजवा हात सुटला, त्यामुळे आता भरपूर लिहिते. भोग आपल्या कर्माची फळं.

फुग्यांचं प्रकरण हाताबाहेर गेलं. पहिले काही दिवस काकांचा हात घसरायचा, फुगा फुटायचा आणि फेस सगळ्यांच्या तोंडावर. आमच्या शेजारीच हृदयरोग्यांचा वॉर्ड आहे. तिथल्या सिस्टर तणतणत आल्या, "तुमच्या एका आवाजात माझ्या सगळ्यांची नाडी वाढते! फटाके बंद करा नाहीतर वरपर्यंत जाईन." मॅडमनी शांतपणे खिशातला चिमटा काढून त्यांच्या हातात दिला. "दाबा. राग जातो." सिस्टर चिमटा घेऊनच परत गेल्या.

पण मागच्या आठवड्यात काकांनी अख्खा फुगा साफ केला. साबणाचा ठिपका नाही. काका म्हणाले, "गिऱ्हाईक गुळगुळीत आहे, पण बोलत नाही. मजा येत नाही."

आता जे लिहिणार आहे ते वाचून तू आरामखुर्चीत मागे रेलशील. रेल.

दुपारच्या चहाला मी मॅडमना तुझी तक्रार सांगत होते. चांगली तिखटमीठ लावून. तू कसा अडाणी, कसा हट्टी, आईचं कसं नुकसान करतोस. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "आईला चहाचं काम दिलंस. भावाला काय काम दिलंस?"

मी म्हटलं, त्याला कशाला? तो धडधाकट आहे.

"आई आजारी पडल्यापासून तो काय करतो?"

आईचं सगळं.

"आणि तू एका दुपारी येऊन ते त्याच्या हातातून काढून घेतलंस. वर विचारतेस की तो बोलत का नाही."

 तू असतास तर टाळ्या वाजवल्या असत्यास.  आई रुग्णालयात होती तेव्हा तू रोज तिच्या पायाशी बसून असायचास, आणि तुला करण्यासारखं तिथे काहीच नव्हतं, नुसतं बसायचं. घरी आणल्यावर करायला मिळालं. तर मी आले ज्ञान पाजळत. मी माफी मागत नाहीये, आईच्या हाताबद्दल मी अजूनही बरोबर आहे. पण तुझ्याबद्दल विचारच केला नव्हता, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

आता खरं काम. महिनाअखेरीला माझी परीक्षा आहे. बाहेरून परीक्षक येणार आणि माझ्या रुग्णाने त्यांच्यासमोर ठरवलेलं काम करून दाखवायचं. म्हणजे काकांनी गिऱ्हाइकाची दाढी. फुगा चालणार नाही, हनुवटी लागेल. मी सगळीकडे फिरले. वर्गातल्या एकाने माझ्यासाठी दाढी वाढवली आणि काल साखरपुड्याला जायचं म्हणून गुळगुळीत करून आला. लिफ्टमन म्हणतो, तुम्ही आधी करून घ्या. मी म्हटलं मला दाढी नाही, तर म्हणाला, मग मलाही हौस नाही. काकांच्या सख्ख्या मेव्हण्याने हात जोडले. ते काकांना फार लागलं. वीस-वीस वर्षं जुनी गिऱ्हाइकं भेटायला येतात, फळं आणतात, पण गाल कोणी देत नाही. काका म्हणाले, "राहू दे पोरी. फुगाच बरा." त्यानंतर ते दोन दिवस आलेच नाहीत. काकूंनी फोनवर सांगितलं, भिंतीकडे तोंड करून पडून आहेत.

वहिनी म्हणते, आईच्या आजारपणापासून तू दाढीच केलेली नाहीस. नुसती मिशी तेवढी कातरतोस.

दादा, तुझी हनुवटी दे. उस्तरा नाही, साधा सेफ्टी रेझर आहे, मुंडकं जागेवर राहील. आणि तुला काहीतरी काम द्यायचं म्हणून हे सांगत नाहीये. माझं आणि काकांचं खरंच अडलंय. अठ्ठावीस तारीख, सकाळी दहा, तळमजला. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. गिऱ्हाइकाने थेरपिस्टशी बोलायची गरज नसते.

धाकटी


२९ ऑगस्ट

प्रिय दादा,

(झालं. लिहिलं.)

तू आलास, बसलास, उठलास, गेलास. माझ्याशी एक शब्द नाही. तुझे डोळे सगळा वेळ घट्ट मिटलेले होते, म्हणून काय झालं ते तुला माहीत नसणार. सांगते.

पहिली गोष्ट, तू दारातून तरातरा आलास आणि ज्या खुर्चीत बसून मान मागे टाकलीस ती परीक्षकांची होती. ते बिचारे पाणी प्यायला उठले होते. परत येऊन बघतात तर त्यांच्या जागी एक दाढीवाला छताकडे तोंड करून बसलेला. मॅडम म्हणाल्या, "राहू दे, सर, गिऱ्हाईक हलवू नका." त्यामुळे सरांनी सगळी परीक्षा कुठेही न जाणाऱ्या जिन्यावर बसून घेतली.

काकांना काकूंनी जवळजवळ ओढत आणलं होतं. ते दारातच थांबले. मी म्हटलं, काका, गिऱ्हाईक खोळंबलंय. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. अनोळखी माणूस, उघडा गळा, मिटलेले डोळे. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. त्यांनी टॉवेल मागितला. काकू द्यायला धावल्या, तर म्हणाले, "तू थांब. मी घेतो." आणि घेतला. तुझ्या गळ्याशी खोचायला त्यांना जो वेळ लागला तेवढ्यात माझा तर घाम गळायला लागला होता.

फेसाचा मोठा गोळा तुझ्या शर्टावर पडला. काकू हात मागे बांधून उभ्या होत्या आणि स्वतःच्याच बोटांचा चुराडा करत होत्या. उजवा गाल झाला. डावा झाला. मग नाकाखाली हात अडकला. रेझर तिथेच थरथरत राहिला, पुढे जाईना, मागे येईना. आणि काय सांगू, माझे हात! दोन वर्षांचं शिक्षण गेलं उडत, माझे हात पुढे निघाले. मॅडमनी मागून माझ्या एप्रनचा पट्टा धरून ठेवला, म्हणून मी जागच्या जागी राहिले.

अशा वेळी कोणीही गिऱ्हाईक काय करतं? मान वळवतं, ओठ पुढे करतं, सलूनवाल्याचं काम सोपं करतं. तू केलं नाहीस. तुझी मान इंचभरही हलली नाही. मला वाटतं तू भीतीने गारठला होतास. मॅडमना वाटतं की तुला कळलं होतं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

मग हात सुटला आणि मिशीचं एक टोक घेऊन गेला.

 काका वाकून बघत म्हणाले, "साहेब, एक बाजू गेली. दुसरी ठेवली तर चेहरा वाकडा दिसेल." आणि तू डोळे न उघडता म्हणालास, "काढा." बाविसाव्या वर्षापासूनची मिशी, दादा! लग्नात वहिनीच्या माहेरच्यांनी सांगूनही न काढलेली!

शेवटी काकांनी टॉवेल झटकला, मागे सरकले आणि जसं काही कालच दुकान बंद केलं होतं तशा सुरात म्हणाले, "पाणी गार हवं की कोमट?" तिथे काकू रडायला लागल्या. सिस्टरसुद्धा दारात उभ्या होत्या, हातात तो चिमटा. त्या म्हणतात त्यांच्या डोळ्यात साबण गेला.

तू गेल्यावर परीक्षकांनी मला एकच प्रश्न विचारला. "ते रुग्णाचे नातेवाईक होते का?"

मी म्हटलं, "नाही सर. माझे."

पास झाले. काकांनी पुढच्या आठवड्यापासून सकाळचं दुकान उघडायचं ठरवलंय, फक्त दाढी, केस नाहीत. लिफ्टमनने नंबर लावलाय, लोचट कुठला.

मला तुझी फार आठवण येते. आईची येतेच, पण तुझी जास्त. हे तिला सांगू नकोस.

धाकटी


१० सप्टेंबर

शहाणे,

फोन करणार होतो. पण तुला ब्लॉक केलेलं उघडायचं कसं ते सापडत नाही, आणि दुकानातल्या पोरांना विचारायची लाज वाटते. म्हणून लिहितोय.

रविवारी घरी ये. बाकीचं तोंडी बोलू. तुझी चूक काय आणि माझी काय तेही बोलू, तुझी जास्त निघेल. पण एक गोष्ट रविवारपर्यंत पोटात राहणार नाही.

आधी मिशी. दुकानात लोक मला माझा धाकटा भाऊ समजतात. "मोठे कुठेत?" विचारतात. एकाला मी "जेवायला गेलेत" म्हणून सांगितलं. वहिनी तुझी येता-जाता माझ्याकडे बघते आणि विनाकारण स्टुलाला अडखळते. आईने त्या दिवशी मला दारात पाहिलं, ओळखलं नाही, मग ओळखलं आणि हसली. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा. मी तसाच उभा राहिलो, तिचं हसणं संपेपर्यंत.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला भरवणं सोडलं. समोर बसतो. तुझ्यासारखं उभं राहायला मला जमत नाही. चमच्याच्या दांड्याला वहिनीने स्पंज गुंडाळून दिला. आई चमचा तोंडापर्यंत नेते आणि ओठाशी आला की तो कलंडतो. परत नेते. परत कलंडतो. अन्न गार होतं, ताट भरलेलं ते भरलेलंच.  तुम्ही लोक हे रोज कसं बघता? दगड आहात का? मी बारा दिवस टेबलाची कड धरून बसलो.

आज राहवलं नाही. चमचा तिच्या हातातून निसटून टेबलावर पडला. तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "बास झालं आई, आण इकडे," आणि चमचा उचलायला हात पुढे केला.

तिने फाडकन मारलं. मनगटावर. चांगलं लागलं, मी ओरडलो. वहिनी आतून धावत आली. "काय झालं?" मी म्हटलं, "आईने मारलं." ती म्हणाली, "कुठल्या हाताने?"

मग आम्ही तिघंही त्या हाताकडे बघत बसलो. उजवा होता.

मी मनगट परत तिच्यासमोर धरलं. म्हटलं, "आई, अजून एकदा मार."

ती म्हणाली, "आधी जेवू दे."

दादा